मोठ्याने म्हणायची प्रार्थना

६ फेब्रुवारी

ती. मामांना मुंगीचा सलाम.

तुम्ही म्हणाल पोरीला सहा महिन्यांनी मामा आठवला, म्हणून आधीच सांगते, हे पत्र कामाचं आहे. सोबत एक पुस्तक पाठवतेय, लाल पुठ्ठ्याचं, पातळसं. आमच्या चर्चमधल्या बायकांच्या गुरुवारच्या प्रार्थनागटात सध्या हेच वाचतात. गट चालवणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझे मामा संस्कृतचे मास्तर, त्यात पवित्र शास्त्र कोळून प्यायलेले. विचार त्यांना, यात वचनाबाहेरचं काही आहे का." विचारलं अशा सुरात, की तुम्ही 'नाही' म्हणणार हे त्यांनी धरलेलंच आहे. मीही धरलंय.

पुस्तकाचं म्हणणं असं. प्रार्थना तोंडाने आणि मोठ्याने म्हणायची. देवाने जग शब्दाने घडवलं, त्यामुळे मनातल्या मनात म्हटलेलं जिथल्या तिथेच राहतं. मागितलेलं मिळालंच असं समजून आगाऊ आभार मानायचे. रडायचं नाही, रडण्याने विश्वास पातळ होतो. आणि 'तुझी इच्छा असेल तर' असं चुकूनही म्हणायचं नाही, ती शंकेसाठी उघडी ठेवलेली मागची खिडकी. घरात एकानेही शंका धरली तर सगळ्यांचीच प्रार्थना गळून जाते.

मी सगळं पाळतेय. आमच्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या इस्त्रीचं मोठं यंत्र चालू असलं की शेजारचीचं बोलणं ऐकू येत नाही. तेवढ्यात मी ओरडून घेते, "माझ्या नवऱ्याचा गळा बरा झाला, प्रभू, तुझे आभार!" परवा यंत्र मध्येच बंद पडलं. सगळ्या जणी चादरी हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. आता ज्या कधी बोलत नव्हत्या त्याही विचारतात, "काय गं, गळा कसा आहे?"

तर यांचा गळा. फुलबाजारात लिलाव पुकारून आवाज बसला असेल, असं आम्ही समजत होतो. डॉक्टर म्हणतात गाठ आहे, काढायला हवी. महिनाअखेरची तारीखही दिली होती, ती मी पुढे ढकलून घेतली. एका तोंडाने बरं झालं म्हणायचं आणि त्याच तोंडाने ऑपरेशनची तारीख मागायची, हे पुस्तकात बसत नाही. हे काही बोलले नाहीत. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

लवकर वाचून कळवा. आणि लाल पेन जरा आवरून धरा.

तुमची मुंगी

१५ फेब्रुवारी

चि. मुंगीस मामाचे आशीर्वाद. (मोठ्याने म्हटले आहेत, पोचले असतील.)

पुस्तक एका बैठकीत वाचलं. तू निकाल मागतेस तोही कोणाकडे, तर ज्याला शाळेत सहकारी 'पाद्री' म्हणतात आणि चर्चच्या मंडळीत 'पंडित', म्हणजे दोन्हीकडून संशयित माणसाकडे. असो. आधी लेखकाचं जे चांगलं ते त्याच्या पदरात घालतो. आभारांवर त्याने मन लावून लिहिलंय. आपण लोक देवाकडे अर्ज करण्यात मोठे तत्पर, पोचपावती मात्र कोणी देत नाही. त्याची ती पानं मी खूण घालून ठेवली आहेत.

आता बाकीचं. पोरांना श्लोक शिकवताना मी एकच हट्ट धरतो, मागचं-पुढचं वाचल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही. संस्कृतात याला पूर्वापरसंबंध म्हणतात. घरात आपण यालाच अर्धवट ऐकून भांडायला येऊ नये असं म्हणतो. तुझ्या लेखकाने वचनं खरीच दिली आहेत, पण मुळासकट उपटून. विश्वासाने पर्वताला 'ऊठ आणि समुद्रात पड' म्हटलं तर तसं होईल, हे वचन पानोपानी आहे. त्याला लागूनच प्रभू काय सांगतात? प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर आधी क्षमा करा. हे पुस्तकात कुठे नाही. लेखकाने पर्वत उचलला आणि क्षमा तिथेच ठेवली. दोहोंत पर्वत हलका असावा.

मोठ्याने ओरडायचं म्हणशील तर मला चटकन आठवतो एलीया संदेष्टा. बआल या खोट्या देवाचे पुजारी सकाळपासून ओरडत होते, तेव्हा हा बाजूला उभा राहून म्हणाला, आणखी मोठ्याने ओरडा, तुमचा देव झोपला असेल, नाहीतर प्रवासाला गेला असेल. ती चेष्टा होती. तुमच्या पुस्तकाने तिची शिकवण केली.

जावईबापूंचा आवाज बसला म्हणजे फुलबाजाराला सुट्टीच म्हणायची. जेवणाआधी ते प्रार्थना म्हणतात तेव्हा मला नेहमी वाटतं, वर एखादा देवदूत दचकून बोली लावत असेल. गळ्यातल्या गाठी हल्ली चुटकीसरशी काढतात. ढकललेली तारीख मागे ओढ, गळा मोकळा होऊ दे, मग खुशाल ओरडू दे त्यांना.

मोठ्या बाईंना नमस्कार सांग. निकाल विरुद्ध गेला हे जेवण झाल्यावर सांग.

तुझा मामा

२४ फेब्रुवारी

मामा, तुम्हाला नमस्कार.

तुमची भाची कामावर गेलीय. हे पत्र तिला न सांगता लिहितोय. पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

तुमचं पत्र तिने मला वाचून दाखवलं. बोली लावणाऱ्या देवदूताला मी इतका हसलो की ठसका लागला. ती नाही हसली. गटातही तिने ते नेलं नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवलं.

तिने तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही. गाठ कॅन्सरची आहे. पूर्ण स्वरयंत्र काढायचंय. गळ्याला समोरून भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. आवाज कायमचा जाईल. डॉक्टर म्हणाले, आत्ता केलं तर वाचण्याची आशा चांगली, लांबवलं तर त्यांच्या हातात राहणार नाही.

तुम्हाला वाटेल ती ऑपरेशनला घाबरते. तसं नाही. ती दवाखान्याच्या बाकावर मला काय म्हणाली ते सांगतो. म्हणाली, "तोंडाने म्हटलेलीच प्रार्थना पोचते. आवाजच कापून टाकला तर तुम्ही उरलेला जन्म देवाशी बोलणार कसे? तो रस्ता बंद करायच्या कागदावर मी सही करू?" मग पर्स उघडून उगाच काहीतरी शोधत बसली. तुम्ही चेष्टा केलीत ती पुस्तकाची. तिच्यासाठी ते पुस्तक म्हणजे मी आहे.

मला जगायचंय, मामा. आवाज नसला तरी चालेल. फुलांची प्रतवारी करायला, बादल्या लावायला बोलावं लागत नाही, बाजारवाले ठेवून घेतो म्हणालेत. पण हे घरात बोललो तर शंका धरणारा मीच ठरेन. म्हणून आवाज आहे तोवरच गप्प बसलोय. गंमत बघा.

हे पत्र तिला दाखवलंत तरी चालेल. मला स्वतः दाखवायचा धीर नाही. मी लिलाववाला, एक-दोन-तीन ओरडण्यापलीकडे बोलता येत नाही.

तुमचा जावई

२८ फेब्रुवारी

मुंगी,

मागच्या पत्रातली चेष्टा परत घेतो. एलीयाची त्याच्यापाशी राहू दे, माझी घेतो. तू गाठ म्हणालीस आणि मी मागचं-पुढचं न विचारता अर्थ लावून मोकळा झालो. पोरांनी असं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

सोबत तुझ्या नवऱ्याचं पत्र आहे. आधी ते वाच. त्याच्यावर रागावशील तर पाणी पिऊन ये, मग हे पुढे वाच.

आवाज नसलेल्या माणसाची प्रार्थना पोचते का, एवढाच तुझा प्रश्न. बाकी पुस्तक तूर्त बाजूला ठेवू. हन्नाची गोष्ट तू लहानपणी माझ्याच मांडीवर ऐकलीयेस. मूल नाही म्हणून गांजलेली ती बाई शिलोच्या मंदिरात गेली आणि मनातल्या मनात बोलत राहिली. शास्त्र मुद्दाम सांगतं की ओठ तेवढे हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटलं, बाई प्यायली आहे. त्याने तिला चक्क दटावलं, किती वेळ अशी झिंगणार आहेस? याजकाला ऐकू आलं नाही, मुंगी. देवाला आलं. पुढे जो मुलगा झाला त्याचं नाव शमुवेल. त्या दिवशी दाराशी एलीच्या जागी तुझं लाल पुस्तक बसलं असतं तर त्यानेही तिला प्यायलेलीच ठरवलं असतं.

प्रेषित पौल तर आणखी पुढे जातो. काय मागावं हेच आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनवणी करतो, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने. त्या कण्हण्याला स्वरयंत्र लागतं असं पौल म्हणत नाही. आणि प्रभूंनी प्रार्थनेसाठी जागा कुठली सांगितली? खोलीत जा, दार लावून घे. तुला काय हवंय ते मागण्याआधीच बापाला ठाऊक असतं, हेही तिथेच सांगितलंय. (आमच्या संस्कृतातले जुने आचार्य मोठ्याने केलेल्या जपाला सगळ्यात खालची पायरी देतात, पुटपुटणं त्याच्या वर, आणि मनातला जप सगळ्यात वर. पण हे मोठ्या बाईंपुढे काढू नकोस. माझं मंडळीतलं 'पंडित' पक्कं होईल.)

आता 'तुझी इच्छा'. ज्या रात्री शिपाई धरून नेणार होते त्या रात्री बागेत प्रभूंनीच म्हटलं, हा दुःखाचा प्याला दूर कर, तरी माझी नको, तुझी इच्छा होवो. तुमच्या लेखकाच्या नियमाने ती प्रार्थना अविश्वासाची ठरते. नियम चुकला असेल की प्रभू, हे तू ठरव. मला अवघड गेलं नाही. आणि बघ, त्यांनी मागायचं सोडलं नाही. प्याला दूर कर असं स्पष्ट मागितलं. तूही माग. अगदी त्याच्या आवाजासकट माग.

राहिली तारीख. हिज्कीया राजा गळवाने मरायला टेकला होता. भिंतीकडे तोंड करून त्याने प्रार्थना केली, आणि देवाने आयुष्य वाढवून दिलं. हे लाल पुस्तकात आहे. त्याच हकिगतीत यशया संदेष्टा पुढे सांगतो, अंजिरं आणा आणि गळवावर पोटीस बांधा. हे पुस्तकात नाही. देवाने 'हो' म्हटल्यावरसुद्धा कोणाला तरी अंजिरं आणायला पळावंच लागलं. त्याला कोणी शंका धरणारा म्हटलं नाही.

डॉक्टरकडे जा, मुंगी. उद्याच जा.

मामा

७ मार्च

ती. मामा,

तुमचं पाकीट आलं तेव्हा मी दोघांवरही रागावले. पाणी पिऊन आले, तरी राग गेला नाही. नवरा माझ्या पाठीमागे माझ्याच मामाला पत्र लिहितो, आणि मामा हन्नाला मदतीला घेऊन येतात. म्हटलं, आता मी मामांनाच खोडून काढते.

आणि सापडलं मला! आभारांचं तुम्ही पोचपावती म्हणून कौतुक केलंत, त्यातलं 'आगाऊ' मात्र गाळलंत. लाजराच्या कबरेपाशी काय झालं? दगड नुकताच बाजूला केलाय, मेलेला माणूस अजून आत आहे, आणि प्रभू वर बघून म्हणतात, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून तुझे आभार. आगाऊच ना? आणि तेही मोठ्याने, भोवतालच्या लोकांना ऐकू जावं म्हणून. मामा, संस्कृतच्या मास्तरांना हे आठवलं नाही! मला इतका आनंद झाला की डबा खायचा तसाच राहिला.

तुम्हाला कळवायचं म्हणून तुमच्याच सवयीने तो भाग जरा मागून वाचायला घेतला. तर तिथे प्रभू रडले होते. लाजराची बहीण मरिया रडत आली, तिच्याबरोबरचे रडत होते, आणि लाजर जिवंत उठणार हे ज्यांना पक्कं माहीत होतं तेही रडले. आधी रडले, मग आभार मानले. मामा, डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. मला वाटायचं, माझ्या एका थेंबाने यांचा जीव जाईल.

मग काय, धुलाईखान्यात बसून रडले. आता मला तिथे ओळखतातच. एकीने विचारलं, "गळा?" मी मान हलवली. तिने मला धुतलेली, अजून गरम असलेली उशीची खोळ आणून दिली, डोळे पुसायला. चांगली मोठी होती.

घरी आल्यावर यांना म्हटलं, "तुम्हाला काय हवंय ते तुमच्या तोंडाने सांगा. अजून आहे तोवर."  हे म्हणाले, "जगायचंय." घोगऱ्या आवाजात, एवढंच. मी म्हटलं, "मग हे मला सांगायला मामा कशाला लागतात?" तर म्हणतात, "तू पुस्तकाचं ऐकत होतीस." 

मग दोघं बसलो. मी मागितलं, "प्रभू, हा माणूस मला हवाय. आवाजासकट हवाय. तो नाही तर नुसता माणूस दे. पण तुझी इच्छा." ते शेवटचे शब्द म्हणताना जीभ अडखळली. सवय मोडली होती.

तारीख मिळाली, येत्या बुधवारची. सही मी केली. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "इतके दिवस मला काय शोभेची बाहुली समजलात?" आणि मोठ्या बाईंना हन्ना, अंजिरं, लाजर, सगळं सांगितलं.  मला वाटलं आता गटातून काढतील. त्या म्हणाल्या, "बुधवारी किती वाजता न्यायचंय? मी तुझ्याजवळ बसते." पुस्तकाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. तुम्हीही आता बोलू नका.

आमच्यासाठी प्रार्थना करा. मनातल्या मनात केलीत तरी चालेल.

तुमची मुंगी

२ जुलै

जावईबापू, मामाचा नमस्कार.

सुखरूप पोचलो. शाळा जाग्यावर आहे, पोरंही, म्हणजे माझ्या गैरहजेरीत कोणाचं काही अडलं नाही. तुमच्याकडे चार दिवस राहून वजन वाढवून आलो. सूप, पाव, तुमच्या मातोश्रींची बोलणी, सगळं पचलं.

लाजराच्या बाबतीत मी हरलो, हे मुंगीला मी तोंडावर सांगितलंय. तुम्हाला लेखी देतो. तिला ते फ्रेम करून लावायचं असेल तर लावू द्या. मोठ्या बाईही भेटल्या. त्या दिवशी ऑपरेशनच्या दाराबाहेर त्या मुंगीचा हात धरून संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही, असं मुंगी म्हणाली. वचनांचा मेळ घालण्यात त्या आणि मी कधी एक होणार नाही. पण तो हात धरल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले, आणि मनापासून मानले. डॉक्टर म्हणतात पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत. तुमचा फुलबाजार मी पहाटे पाहिला. तिथे नवा पुकारणारा ओरडत होता आणि तुम्ही नुसत्या बोटाने बादल्या डावी-उजवीकडे पाठवत होता. मला तर सगळा बाजार तुमचंच ऐकताना दिसला.

पण हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. परवाच्या रात्रीच्या जेवणाला तुमचे डोळे मिटलेले होते. तेव्हा तुम्हाला जे दिसलं नाही ते कोणीतरी सांगायला हवं.

ताटं वाढून झाली होती. ऑपरेशनपासून जेवणाआधीची प्रार्थना मुंगीच म्हणते, हे मला माहीत होतं. त्या दिवशीही तिने हात जोडले, तोंड उघडलं, आणि तुम्ही तळहात आडवा धरून तिला थांबवलंत. बोट स्वतःच्या छातीकडे केलंत. मग डोळे मिटलेत.

मी डोळे लवकर उघडले, हे कबूल करतो. परीक्षेच्या वर्गावर फेऱ्या मारणाऱ्या माणसाला डोळे मिटून बसवत नाही. तुमचे ओठ हलत होते. गळ्यापाशी श्वासाचा बारीक आवाज, बाकी काही नाही. पूर्वी तुमची प्रार्थना तीन पुकाऱ्यांत आटपायची आणि आम्ही घास उचलायचो. आता ती संपली कधी हे कळणार कसं? सूप निवत चाललं. वाफ आधी कमी झाली, मग दिसेनाशी झाली. ओठ चालूच. मध्ये एकदा हसलातही. कोणाला काय सांगत होतात कोण जाणे.

तुमच्या मातोश्रींनी बराच वेळ दम धरला. त्यांना हल्ली पूर्वीइतकं ऐकू येत नाही, घरात एक तुमचाच आवाज काय तो स्पष्ट पोचायचा. शेवटी त्यांनी अंदाजाने "आमेन" म्हणून टाकलं आणि चमचा उचलला. खरं सांगतो, माझाही हात निघाला होता.

मुंगीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांना कळावं म्हणून चांगलं मोठ्याने म्हणाली, "थांबा आई. हे अजून बोलतायत."

मातोश्रींनी तुमच्याकडे पाहिलं. चमचा हळूच खाली ठेवला, आणि कान तुमच्या बाजूला केला.

मग मीही डोळे मिटून घेतले.

तुमचा,
मामा